घसरपाट्या

सुलोचनाने स्टुलावर चढून बैठकीतल्या भिंतीवरच्या दोन्ही लाकडी घसरपाट्या खिळ्यांवरून उतरवल्या आणि बगलेत मारून मागच्या अंगणात नेल्या. शेवयांचा पाट सकाळीच उभा चिरला होता. सपीठ मळून, कुटून, तेल लावून तयार होते. सेलूत घरोघरी शेवया करून देणारी तानाबाई हात धुऊन बसली होती, आणि तिचा आजचा दिवस गेला की दुसरा मिळणार नव्हता.

"मालक रागावतीन नं, बाई."

"रागावू द्या. हिवाळ्यापासून भिंतीले थंडी वाजून राह्यली."

इतिहास.

सुलोचनाचे यजमान वासुदेवराव कापडाचे दुकान चालवत. हिवाळ्यात ते नागपूरच्या मित्रांबरोबर काश्मिरात गुलमर्गला जाऊन आले, येताना बर्फावर घसरायच्या या पाट्या घेऊन आले, आणि तेव्हापासून सेलूत कोणाला तेलमीठ आणायलाही गुलमर्गवरूनच जावे लागे. गिऱ्हाइकाने धोतरजोडी मागितली की आधी माहिती. मूळ नाव गौरीमार्ग. सुलतानाने त्याचे गुलमर्ग केले. सत्तावीस साली साहेबांनी तिथे स्कीचा क्लब काढला. साहेब गेले, आता आपली फौज तिथे बर्फावर चालायला शिकते.

नाव गौरीचे, आणि तिथे बायकांचे काम नाही, हेही वासुदेवरावच सांगत. सुलोचनाने जाण्यासाठी ट्रंक भरली होती, आपल्या मापाचा लोकरीचा स्वेटर विणला होता. ट्रंक घरीच राहिली. स्वेटर तेवढा गुलमर्ग पाहून आला, नवऱ्याच्या अंगात.

उतार.

पाट्यांची टोके नाकासारखी वर वळलेली होती. तानाबाईने पाट्या पालथ्या केल्या, तशी ती नाके बाजेच्या लाकडात बरोबर अडकली. दोन्ही पाट्या शेजारी शेजारी बांधून खालचे टोक धुवट धोतरावर टेकवले. छान उतार झाला. तळाला मधोमध एक खाच होती. तेलाचा हात फिरवायला तानाबाई वाकली आणि थांबली.

"हे तं कोरं करकरीत आहे, बाई. मालक घसरले कायच्यावर?"

सुलोचना पुढे आली. तळाचे पॉलिश इतके लखलखीत होते की त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला. एक ओरखडा नव्हता. 'याच पाट्यांवर! तासभर चढायचे, पाच मिनिटांत खाली, आणि वारा कानात शिट्टी घालतो.' वासुदेवरावांचे हे बोलणे सगळ्या बाजाराला पाठ होते.

"जिभेवर," ती म्हणाली.

तानाबाई तोंडाला पदर लावून हसत राहिली. मग बाजेवर पाट्यांच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून बसली. तिच्या तळव्याखालून शेवई निघाली, खाचेतून सरसर खाली आली, आणि सुलोचनाने ती काडीवर झेलली. दुपारपर्यंत त्या पाट्यांवरून जेवढे घसरून गेले, तेवढे कोणत्या साहेबाने पाहिले नसेल.

हिम.

संध्याकाळी सदाशिवराव येणार होते. वर्ध्याचे एक वाचनालय ते चालवत, आणि गुलमर्गवर तिथे व्याख्यान ठेवायचे की नाही, हे तेच ठरवणार होते. वासुदेवरावांचा सगळा जीव त्या व्याख्यानात अडकला होता. आणि सदाशिवराव म्हणजे असे गृहस्थ, की हिमालयात अनवाणी फिरून आलो म्हणणाऱ्या एका बुवाला त्यांनी भर सभेत तळपाय दाखवायला लावले होते.

तानाबाई गेल्यावर सुलोचनाने पाट्या मोरीवर घेतल्या. पीठ आणि तेल गरम पाण्यानेच निघाले. पॉलिश पुन्हा लखलखले. एवढे करून टांगल्या असत्या तरी सदाशिवरावांसमोर नवऱ्याची फजिती व्हायला पुरले असते. तिला तोंडही उघडावे लागले नसते.

ती बराच वेळ त्या तळातल्या चेहऱ्याकडे बघत बसली. मग चुलीतली राख घेतली, विटेचा तुकडा घेतला आणि चेहरा दिसेनासा होईपर्यंत घासत राहिली.

सोयी.

"उत्तम बोललात," सदाशिवराव म्हणाले. "आता जरा भिंतीवरची ती पाटी उलटी करा बघू."

वासुदेवराव खिळ्यांबद्दल काहीतरी सांगू लागले. सदाशिवरावांनी स्वतःच उठून पाटी काढली. तळ पांढुरका, खरवडलेला.

"बरेच घसरलात की हो."

वासुदेवराव त्या तळाकडे परक्याची पाटी पाहावी तसे पाहत होते. मग त्यांनी दाराकडे पाहिले. सुलोचना खिरीच्या वाट्या घेऊन उभी होती.

"हो," ते म्हणाले. आवाजात शिट्टी नव्हती.

सदाशिवरावांनी खाचेतून नखाने एक पांढरा, वाळका धागा उकरून काढला. "हे काय?"

वासुदेवराव एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बायको काय म्हणते याची वाट पाहत होते.

"तिकडचा बर्फ असन," सुलोचनाने वाट्या ठेवल्या. "मले काय मालूम. मी कुठं गेलती."

तिच्या भोळेपणावर सदाशिवराव मनसोक्त हसले, धागा झटकून टाकला आणि शेवयांच्या खिरीला वा म्हणाले. व्याख्यान ठरले.

ते गेल्यावर वासुदेवरावांची पुस्तकी भाषाही गेली.

"पुढच्या हिवाळ्यात तुले घेऊन जातो. खरंच."

पाट्या टांगायला त्यांनी उचलल्या, तशा सुलोचनाने त्यांच्या हातातून घेतल्या.

"न्या. पन ह्या आता सैपाकघरात राह्यतीन. घसरायची सवय लागली त्याईले, तुमच्यापाशी मोडन."

सकाळी तिच्या ट्रंकेवर स्वेटर घडी करून ठेवलेला होता. तिने उलगडून पाहिला. नवऱ्याने ओढून ओढून बाह्या चांगल्या वीतभर लांब करून ठेवल्या होत्या.

सुलोचनाने चुलीवर पाणी ठेवले. लोकर गरम पाण्यात आटते.