रोसेंदोंच्या क्रुसाचा दगड

दगड गाडीच्या हौद्यातच होता, पोत्याखाली झाकलेला. ओर्लांदोच्या वर्कशॉपपाशी आम्ही उतरलो तेव्हाही माझं लक्ष मागेच होतं.

तो दगड रोसेंदो भावजींच्या क्रुसाचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या. तीस वर्षांपूर्वी कुरणाच्या घाटात तिसऱ्या वळणावर त्यांची गाडी मागे घसरली आणि दरीत गेली. तिथे त्यांच्या नावाचा लाकडी क्रूस आहे. येणारा-जाणारा त्याच्या पायाशी एक दगड ठेवतो, एक प्रार्थना म्हणतो. तिथला दगड उचलत मात्र कुणी नाही. मी गेल्या शुक्रवारी उचलला.

दर शुक्रवारी मी वरच्या कुरणात शिधा पोचवते. एलेउतेरियो नावाचा मेंढपाळ, पेरू देशातून आलेला, उन्हाळाभर तिथे एकटा असतो. हजार मेंढ्या, दोन कुत्री आणि तो. त्याचं पीठ, बटाटे, मेंढ्यांचं मीठ आणि त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या. आधी हे काम माझे यजमान मेलितोन करायचे. त्यांची पाठ गेल्यापासून मी करते. शुक्रवारचा उपास असतो, पहाटेची जपमाळ झाली की निघते.

तिसऱ्या वळणाआधी चढ असा आहे, की काचेतून नुसतं आभाळ दिसतं. तिथेच गाडीच्या पोटात काहीतरी कडाडलं. इंजिन गुरगुरत राहिलं, चाकं हलेनात. मी गिअर पार्कवर टाकला आणि बघायला खाली उतरले. मागची चाकं फिरवणारा शाफ्ट तुटला होता, आणि पार्कवर टाकलेली गाडी त्या शाफ्टच्याच आधाराने उभी राहते, हे मला कुठे ठाऊक! पुढची चाकंही इंजिनाला जोडता येतात, ती जोडायची राहिली होती. हॅन्डब्रेकची वायर दोन वर्षांपूर्वीच तुटलेली. पार्क आहे की, म्हणून कुणी बदलली नव्हती.

गाडी मागे निघाली. अगदी हळू, काही आवाज न करता. क्रुसापाशी हाताला आला तो दगड मी मागच्या चाकाखाली लोटला.

ती थांबली. मग पुढची चाकं जोडून, त्यांच्याच बळावर, मागे मान वळवून मी इंच इंच खाली आले. दगड हौद्यात टाकला होता. वाटेत लागला तर असावा म्हणून. घरी आल्यावर कळलं, आपण काय आणलंय ते.

ओर्लांदोने तुटलेला शाफ्ट बाहेर काढला. पिळलेल्या लुगड्यासारखी नळी झाली होती.

"मेलितोनभाऊ, गाडी हातभर उंच केलीत, शाफ्ट मात्र जुनाच! घोडा मोठा घेतलात आणि रिकीब गाढवाची."

"जीभ आवर. सगळ्यांत जाड नळी काढ. बैल टांगला तरी वाकू नये अशी."

"काढतो की. मग पुढच्या वेळी शाफ्ट नाही तुटणार, त्याच्या पुढची पेटी फुटेल. पुढची-मागची सगळी चाकं त्या पेटीवरच चालतात. मग वहिनींना खाली कोण आणणार, तुम्ही? त्या पाठीने?"

"काहीच तुटायचं नाही!" मेलितोन एवढ्याने ओरडले, की शेजारचा हातोडा थांबला. मग टोपी काढून तिच्या आत बघत म्हणाले, "रोसेंदोचा शाफ्टच तुटला होता."

मी चढ्या आवाजात बोलत नाही, तसं व्रतच आहे माझं. त्या दिवशीही आवाज चढवला नाही.

"ओर्लांदो," मी विचारलं, "नवाही तुटलाच, तर गाडी कशाने थांबेल?"

त्याने फडक्याला हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"हॅन्डब्रेकने, वहिनी. दुसऱ्या कशाने नाही."

"मग वायर आधी बदल. आणि शाफ्ट असा दे, जो ओझं सोसेल, पण मोडायचंच झालं तर पेटीच्या आधी मोडेल."

मेलितोननी टोपी डोक्यावर घातली आणि मान डोलावली. माझं म्हणणं त्यांनी वाद न घालता मानलं, असं लग्नाला एकोणचाळीस वर्षं होऊन पहिल्यांदाच झालं.

ओर्लांदोने मधल्या जाडीची नळी निवडली. वरच्या टोकाला दुहेरी सांधा, म्हणजे उंच गाडीचा तिरका कोन त्याला सोसेल. माप घेण्याआधी त्याने मिठाची सगळी पोती हौद्यात चढवायला लावली. "चाकं अधांतरी ठेवून माप घेतलं, तर शाफ्ट लांब होतो आणि ओझं पडलं की पेटीतच घुसतो. गाडी जशी जाणार, तशीच मापायची."

गुरुवारी गाडी मिळाली. एलेउतेरियोच्या गोळ्या रविवारीच संपल्या असणार.

शुक्रवारी तिसरं वळण आलं. न थांबता जाता आलं असतं. पण दगड परत ठेवायचा तर तिथेच थांबायला हवं होतं, त्याच चढावर, आणि खाली उतरायला हवं होतं.

हॅन्डब्रेक ओढला. गिअर पार्कवर टाकला. जपमाळ पुटपुटत होते, तिच्यात "आमच्या मरणाच्या वेळी" येतं तिथे जीभ अडखळली. पाय ब्रेकवरून उचलला.

गाडी बोटभर मागे सरली. खाली लोखंड लोखंडाला टेकल्याचा आवाज झाला. मग काही नाही.

हौद्यात दोन लाकडी पाचरा होत्या. सकाळी मेलितोननी न बोलता ठेवलेल्या. त्या चाकांमागे ठोकल्या आणि दगड घेऊन क्रुसापाशी गेले. त्याची जागा तशीच होती, ओलसर खड्डा, त्यात एक किडा. दगड बसवला. प्रार्थना रोसेंदो भावजींसाठी म्हटली, पण डोळे मिटले नाहीत. ते चाकावरच होते.

आता पाचरा काढायच्या. त्यासाठी चाकामागे वाकावं लागणार, हे आत्ता लक्षात आलं.

मग पाहिलं, तर दोन्ही पाचरांना दोऱ्या बांधल्या होत्या. लांब, दुहेरी गाठीच्या. बाजूला, डोंगराला पाठ लावून उभं राहून ओढता येतील एवढ्या.

मी तशीच उभी राहिले आणि ओढल्या. एक निघाली. दुसरी निघाली. गाडी हलली नाही.

वरून एलेउतेरियोची कुत्री भुंकायला लागली होती.