पहिली फेरी

“ही पोती काढ आन मला बसीव,” कमळाबाई म्हणाल्या.

मौलालीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वाळूची चार पोती घेऊन लिफ्ट नुकतीच त्यांच्या खोलीच्या दारात येऊन थांबली होती आणि तो बाहेरच्या शिडीने मागोमाग वर आला होता. पंचावन्नाव्या वर्षी वाळूची पोती उचलायची हौस कुणाला असते? पण मौलाली नियमाचा माणूस. भोरात पंप दुरुस्त करायचा तेव्हाही मोटर रात्रभर चालवून बघितल्याशिवाय तो ती कुणाच्या हाती देत नसे. लोक वैतागायचे, पण पंप दुसऱ्यांदा त्याच्याकडूनच बसवून घ्यायचे. हवेवर चालणारी, त्याने बसवलेली ही बारावी लिफ्ट. गोल पारदर्शक नळी, दोर नाही की साखळी नाही. वरचा पंखा नळीतली हवा ओढतो, माणसं न्यायचा पाळणा चढतो. हवा परत आत सोडली की सावकाश उतरतो.

मार्गासनीच्या या घरात त्या जागी लोखंडी गोल जिना होता. गेल्या वर्षी कमळाबाईंची डावी बाजू गेली. दवाखान्यातून आणल्यावर चौघांनी त्यांना चादरीत घालून त्या जिन्याने वर नेलं, कारण बाथरूमची खोली वरच. वळणावर चादर सुटता सुटता राहिली. तेव्हापासून त्यांनी एकच धरून ठेवलं होतं. पुन्हा गाठोडं करून मला कुणी न्यायचं नाही. खाली येईन ती बसून येईन आणि अंगणात बसेन. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने, सम्राटने, शेवटी ही लिफ्ट घ्यायचं ठरवलं. जिना कापून काढला आणि त्याच भोकात नळी उभी राहिली. चार दिवस त्यांचे यजमान जगनकाका अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शिडी चढून त्यांना जेवण नेत होते.

“उद्या सकाळी, मावशी,” मौलाली म्हणाला. “रातभर वजन ठिवून बगायचं आस्तंय. बोटभर सरकलं तरी रबर बदलाया लागंल.”

“आन लाइट गेली म्हंजी?”

“चढाया लाइट लागती. उतराया न्हाई.”

“मग काय नडलंय? मला तर खालीच यायचंय.”

जगनकाका हसले. मौलालीही हसला. पाळण्याच्या कडेला त्याने नळीवर पेन्सिलची रेघ ओढली आणि शिडी उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी नसरापूरला चहा घेऊन तो आठला पोचला तेव्हा अंगणात माणसं उभी होती. कुणी सांगायच्या आधीच त्याला कळलं. कमळाबाई पहाटे गेल्या होत्या. सम्राट पुण्याहून येऊन पोचला होता. गावातली चार माणसं शिडीकडे बघत बोलत होती. बांबूला बांधून, दोर लावून गच्चीवरून सोडावं लागेल, असं त्यांचं चाललं होतं.

“दोरानं न्हाई,” जगनकाका म्हणाले. मग मौलालीकडे बघून हळूच म्हणाले, “आज सकाळी म्हनला हुतास.”

त्याने मान हलवली आणि शिडी चढला. पेन्सिलची रेघ जिथल्या तिथे होती. पाळणा केसभरही सरकला नव्हता. म्हणजे काल नेलं असतं तरी चाललं असतं. हे त्याला समजलं, पण आत काही हललं नाही. त्याने एकेक पोतं ओढून भिंतीशी लावलं. चार होती, तरी त्याने मोजली. रडू येत नव्हतं, त्याची मात्र लाज वाटली.

बायकांनी त्यांना पांढरी साडी नेसवली होती. अंग अजून आखडलं नव्हतं. सम्राटने आईला उचलून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची आत सरकवली. उरलेल्या जागेत एकच माणूस मावत होता.

“मी जातो,” सम्राट म्हणाला.

“मधी काय आडलं तर तुमाला उगडता यायचं न्हाई,” मौलाली म्हणाला आणि आत शिरला.

माणसासकट पहिली फेरी लिफ्ट बसवणाऱ्याने एकट्याने करायची, हाही नियमच होता. त्याने मागून दोन्ही तळवे कमळाबाईंच्या कपाळावर धरले आणि त्यांचं डोकं आपल्या पोटाशी टेकवून घेतलं. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. खालच्या बटणाला कोपर लावलं. हवा सुस्कारत आत आली. पाळणा उतरू लागला, इतका सावकाश की डोकं जरासुद्धा हललं नाही. नळीतून खालची माणसं दिसत होती, सगळी वर बघणारी. पाळणा टेकला, तरी आत-बाहेरची हवा सारखी होईपर्यंत दार उघडत नाही. तेवढा वेळ जगनकाका नळीवर हात ठेवून उभे राहिले.

खुर्ची उचलून अंगणात आणली. चटई अंथरलेली होती. माणसं पुढे झाली तसे जगनकाका म्हणाले, “लगीच आडवी करू नका. बसू द्या तिला जरा.”

मौलालीने पुन्हा मागून कपाळ धरलं. ऊन पायांवर आलं होतं. वेल्ह्याकडे जाणारी एसटी वेग कमी करून गेली. मग जगनकाकांनी मान हलवली, सम्राटने आईला चटईवर ठेवलं आणि बुद्धवंदना सुरू झाली.

मौलाली आत गेला. खिडकीत कंपनीचा कागद होता. ‘पहिल्या फेरीत व्यक्ती किती’ असा एक रकाना त्यात असतो. अकरा घरांत त्याने तिथे ‘एक’ लिहिलं होतं. त्याने पेन काढलं, ‘दोन’ लिहिलं आणि खाली सही केली.