हा कर

घनश्याम दवाखान्याच्या व्हरांड्यात जमिनीवर बसला होता. कपाळाला पट्टी. मला पाहून उठला नाही.

"भाऊजी, बाई गेली," तो म्हणाला.

त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

कोकिळा माझी बायको, घनश्याम तिचा धाकटा भाऊ; तिला बाई म्हणायचा. हिंगणघाटला एका व्यापाऱ्याची मेटॅडोर चालवायचा. जिल्ह्यात दारूबंदी होऊन दहाएक वर्षं झाली होती. पिणाऱ्याला मिळतच होती. पिऊन गाडी चालवताना तो दुसऱ्यांदा सापडला, तेव्हा कोर्टानं तुरुंगात न धाडता हमीवर सोडलं. हमी कोकिळेची. अट अशी, की वर्षभर दारूला शिवायचं नाही. रोज गाडी काढण्याआधी बहिणीनं त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा. आला, तर प्रोबेशनच्या साहेबांना कळवायचं.

तो सकाळीच दारात येई.

"हा कर," ती म्हणे.

"हाऽऽ."

"कांदा खाल्ला वाट्टे?"

"नाई वो बाई, नुसता चहा."

"मंग जाय."

तो मला म्हणायचा, "भाऊजी, बाईचं नाक म्हंजे पोलिसाचं कुत्रं." पण भ्यायचा. कितीतरी महिने कोरडा राहिला.

त्या दिवशी मी पहाटेच्या पाळीला गेलो होतो. कोकिळेला समुद्रपूरला मावशीकडे जायचं होतं. तिनं त्याचा वास घेतला, "जाय" म्हणाली आणि त्याच्याच शेजारी बसली. गाडी पुलावरून खाली गेली.

तेरवीला मनकर्णाबाई आली. ती आणि कोकिळा कापसाच्या जिनिंगमध्ये एकत्र कामाला होत्या.

"तिले वास कुठं येत होता, दादा? कापसाच्या धुळीनं नाक कवाचंच गेलतं. डाळ करपली तरी तिले मालूम नाई पडे. मले म्हणे, सांगू नोको कोणाले. साहेबाले समजलं, तं माह्या भावाले आत टाकतीन."

मी स्वयंपाकघरात गेलो. चुलीमागं डाळीचं करपलेलं पातेलं तेव्हापासून घासायचं पडलं होतं.

घनश्याम जामिनावर सुटला. आमच्या पायरीवर येऊन बसला.

"रात्री घेतली होती, भाऊजी. पहाटे उतारा म्हणून आणखी घेतली. बाईसमोर हा केला. वाटलं, आता धरते. तं बाई म्हणे, जाय." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तिले वास आला असंन ना? मंग काऊन जाऊ देल्लं?"

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

तो अजून येतो. तेच विचारतो. कोकिळेला वास येत नव्हता, हे त्याला सांगायचं राहिलं आहे.