म्हसोबाची बाभळ आणि नवाहोंची भाकरी

लासुर्ण्यात एका चैत्रात अमेरिकेतली भाकरी तळली गेली, आणि तिच्या जिवावर कालव्याचं पाणी वळायची वेळ आली. हे कुणाला पटायचं नाही. नका पटवून घेऊ. ज्या छबूबाईनं ती भाकरी तळली, तिलाही पटत नव्हतं. हातावर पिठाचा गोळा घेऊन ती उभी होती आणि पाटावर बसलेला तिचा नवरा, आबाजी, तिला सांगत होता, की अजून जाड, अजून जाड, नवाहोंच्या बायका ती म्हशीच्या खुराएवढी जाड ठेवतात.

नवाहो म्हणजे अमेरिकेतली एक मूळची जमात. सरकारनं त्यांना त्यांच्या मुलखातून हाकललं, हातावर मैदा आणि चरबी ठेवली आणि जगा म्हणून सांगितलं. त्यातून त्यांच्या बायकांनी ही तळलेली भाकरी काढली. वर शिजवलेला घेवडा, मटण, कच्चा कांदा, बेलवांगी म्हणजे टोमॅटो, मिरची घालायची, दुमडायची आणि कोपरापर्यंत ओघळ येऊ देत खायची. इथवर सगळं खरं. इराकातल्या बसऱ्याच्या दवाखान्यात एका अमेरिकन पाद्र्यानं हे आबाजीला मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं होतं. मोठ्या लढाईत आबाजी खेचरं हाकायला बसऱ्यापर्यंत गेला होता. त्याच्या पुढं तो एक पाऊलही गेला नव्हता. पण गावी आल्यावर गोष्टीत त्या पाद्र्याच्या जागी तो स्वतः जाऊन बसला, आणि दरवर्षी त्याचा अमेरिकेतला मुक्काम थोडाथोडा वाढत गेला. छबूबाई जेवायला वाढता वाढता ऐकायची. एकदा तर तिथल्या पाटलानं त्याला जावई करून घ्यायचं ठरवलं होतं, तेव्हा मात्र तिनं आमटीची पळी जरा जोरात आपटली होती.

आता ती अमेरिका तिच्या चुलीपाशी येऊन बसली होती, आणि दारातून तिला वांगी दिसत होती. भर दुपारी पानं खाली पडलेली. पाणी आलं नाही तर येत्या आठवड्यात काड्याच उरायच्या, आणि वर्षाचं सगळं त्या वांग्यातच होतं.

झालं होतं असं. आबाजीचं रान नीरेच्या कालव्याच्या एका चारीच्या शेवटाला. पाण्याची सगळ्यात शेवटची पाळी त्याची, आणि त्याच्या पाटाचं फाटकही वेगळं. मागल्या पाळीला छबूबाई खोरं घेऊन दंडावर उभी राहिली, आणि पाणी आलंच नाही. दोघं नवराबायको चारीनं वर चालत गेली. फाटकापाशी म्हसोबाची बाभळ आडवी झाली होती. तिच्यावर वर्षानुवर्षं नवसाची फडकी, बांगड्या, लाकडाचे छोटे पाळणे बांधलेले. बाकीचं सगळं फांद्यांखाली बुडालं होतं. फाटकाच्या दांड्यात एकच पाळणा अडकून पाण्यात डुलत होता. तांबडा. एका बाजूची खुंटी तुटलेली.

तो छबूबाईनं बांधला होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.

खोडाला हात लावायचा कसा? देवाचं झाड. आधी भगताला विचारायचं, नारळ द्यायचा, मग कुऱ्हाड. आणि पाळणा सोडवायचा म्हणजे नवस सोडून दिला असं म्हसोबाला वाटायचं. दोघं परत आली. सकाळी कालव्याचं पाणी सोडणारा सोपान पाटकरी बैल घेऊन आला. तो भिगवणकडचा, त्याला ना म्हसोबा माहीत ना बाभळ. त्यानं खोड ओढून काढलं आणि फाटक मोकळं केलं. पण तोवर पाळी संपली होती.

चुकलेल्या पाळीचं पाणी पुन्हा द्यायचं की नाही ते ठरवायला कालव्याचे इन्स्पेक्टर रमाकांतराव चौकशीला आले. माणूस सरळ, कुणाचं वांगंसुद्धा फुकट न घेणारा आणि खोटं बोलणाऱ्याला पुन्हा दारात उभा न करणारा. त्यांनी एवढंच विचारलं, की तुझ्या पाळीला फाटकात काय अडकलं होतं. खोड पाळीनंतरही पडलं असेल, ते कुणी पाहिलं?

आबाजी म्हणाला, सुसर होती.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि घोड्याला टाच मारली. संध्याकाळी सोपान मुद्दाम घरी आला. खोडाबरोबर निघालेली एक वस्तू त्यानं साहेबांच्या हवाली केली होती. ती काय होती, हे जो सांगेल तो त्या दिवशी तिथं होता, असं साहेबांनी ठरवलं होतं.

"आबा, तुमाला ठावं असंल तर सांगून टाका की," सोपान म्हणाला. "पाणी लगीच सुटंल."

"मला सुसर दिसली," आबाजी म्हणाला.

छबूबाई उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. तिला कळलं होतं. पाळणा म्हटलं की साहेब विचारणार, कुणाचा. मग पाटकरी विचारणार. मग चावडी. इतक्या वर्षांत गावानं तिच्या रिकाम्या कुशीचं जे विसरायला घेतलं होतं ते पुन्हा सगळ्यांच्या तोंडी जाणार. म्हणून नवऱ्यानं त्या पाळण्यावर एक सुसर आणून बसवली होती. त्याला दुसरं काही करता येत नव्हतं, एवढंच येत होतं.

पण सुसरीनं वांगी भिजत नाहीत. तेव्हा आबाजीनं दुसरी युक्ती काढली. साहेबांना रस्त्यात गाठून तो म्हणाला, मी खोटारडा असेन तर अमेरिकेची भाकरी तरी मला कशी येते? घरी या, खाऊन बघा. साहेब हसले नाहीत. त्यांचे मेहुणे आनंदराव अमेरिकेत शेतकीचं शिकून नुकतेच बारामतीला आले होते. त्यांना घेऊन गुरुवारी येतो म्हणाले. आनंदराव भाकरी खरी म्हणाले, तर त्या फाटकाचं मी पुन्हा एकदा विचारीन, असं साहेबांनी सांगितलं. एकदाच.

आणि आज गुरुवार होता.

मैदा बारामतीच्या पावभट्टीवरून आला होता. करडीचं तेल शेजारच्या रंगूबाईकडून उसनं. पहिली भाकरी कढईत टाकली ती तळाशी बसली आणि वर येताना मोटेच्या कातड्यासारखी कडक होऊन आली. आबाजीनं ती दाताखाली धरली आणि तशीच काढून परातीत ठेवली.

"पीठ मुरू द्या म्हनतेय मी," छबूबाई म्हणाली. "ताक घाला, सोडा घाला, वल्लं फडकं टाकून ठेवा."

"नवाहो ताक घालत न्हायती."

"नवाहोंच्या वांग्याला पानी हाय."

तिनं ताक घातलं. पीठ फडक्याखाली ठेवून ती दारात जाऊन आली. वाटेवर अजून धूळ नव्हती. परत येऊन तिनं दुसरी थापली, हातावर, भाकरीसारखी, फक्त जाड. ही कढईत टम्म फुगली. छबूबाईला क्षणभर बरं वाटलं. पण वर घेवडा घातला तसा तो चारी बाजूंनी घरंगळून परातीत गेला. चेंडूवर कालवण वाढल्यासारखं झालं.

वाटेवर टांग्याची घंटा वाजली.

आबाजी पाटावरून उठला. त्याचा चेहरा उतरला होता. पाद्र्यानं भाकरीवर घेवडा कसा बसवायचा ते सांगितलं नव्हतं. छबूबाईनं तिसरी थापली. इकडंतिकडं बघितलं, आमटीची वाटी उचलली आणि तिच्या बुडानं भाकरीचा मधला भाग दाबला. कड जाड राहिली, मधे खळगा पडला. तिनं ती तेलात सोडली. कड फुगली आणि मधला भाग जागच्या जागी राहिला. तिनं झाऱ्यावर घेऊन ती निथळली, खळग्यात घेवडा घातला. घेवडा बसला.

तिनं आबाजीकडं पाहिलं. आबाजी म्हणाला, "आगदी अशीच." जणू त्यानंच जन्मभर तिला हे सांगितलं होतं.

पाहुणे आत आले. रमाकांतराव कोट घालूनच पाटावर बसले, कोटाचा एक खिसा जरा फुगलेला होता. आनंदराव तरणे, चष्म्यातले, आणि येताना टांग्याला धरून बसल्यामुळं हात अजून दुखत असलेले. छबूबाईनं ताटं मांडली. वर कांदा, बेलवांगी, ठेचा, कोथिंबीर. मटण नव्हतं. मेहुणे माळकरी की काय म्हणून तिनं धाकानं केलं नव्हतं.

"मटण नाही घालत का त्यात?" रमाकांतरावांनी विचारलं.

"नवाहो लोक गुरुवारी खात न्हायती, सायेब," आबाजी म्हणाला.

छबूबाईच्या हातातला झारा कढईला लागला. आनंदरावांनी मान डोलावली. "हो. ते फार पाळतात," ते म्हणाले.

त्यांनी भाकरी दुमडली. पहिला घास घेतला. घेवड्याचा रस्सा मनगटावरून आत बाहीत गेला. चुलीतलं लाकूड तडतडलं. छबूबाई तेलाकडं बघत उभी राहिली, कान मागं. रमाकांतराव मेहुण्याच्या तोंडाकडं बघत होते, जसा माणूस पाणी कुठवर चढलंय ते बघतो.

"अशीच," आनंदराव म्हणाले. "फक्त तिकडं तिखट कमी. आणि हा मधला खळगा, तो तिथल्या बायका वाटीनंच पाडतात. मी स्वतः उभं राहून पाहिलंय."

छबूबाईनं हळूच मान वळवली. शिकलेले, चष्मा लावलेले आनंदराव डोळे ताटात घालून मोठमोठे घास घेत होते. मग तिला समजलं, की अमेरिकेत हे ज्या शहरात राहिले तिथं नवाहो नावाचं कुत्रंही दिसलं नसेल. पण मेहुण्यासमोर नाही म्हणायची लाज. एक खोटं दुसऱ्या खोट्याच्या गळ्यात हात घालून तिच्या चुलीपाशी जेवत बसलं होतं, आणि दोन्ही मिळून तिचं पाणी आणत होती. तिनं आनंदरावांना आणखी एक वाढली.

आबाजी फुलला. जहाज सांगून झालं, बर्फ सांगून झाला, नवाहो पाटलाची मुलगी गोष्टीच्या दारापर्यंत आली आणि छबूबाईकडं नजर जाऊन तिथूनच परत गेली. आनंदराव प्रत्येक ठिकाणी हो म्हणत होते. रमाकांतरावांनी शेवटचा घास संपवला, हात धुतले, पंच्याला पुसले.

"भाकरी खरी," ते म्हणाले. "शब्द दिला होता, तो पाळतो. आबाजीराव, आता एकदाच विचारतो. त्या दिवशी फाटकात काय होतं?"

आबाजीची नजर चुलीकडं आली, छबूबाईच्या पदरावर थांबली आणि खाली गेली. त्याला खरं ठाऊक होतं, जिभेवर होतं, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून तो दात आवळून बसला होता, हे त्या घरात एकट्या तिला दिसत होतं.

"सुसर," आबाजी म्हणाला. मग गोष्ट अपुरी वाटली म्हणून म्हणाला, "मादी व्हती. पिल्लं घिऊन."

आनंदरावांनी याला मात्र मान डोलावली नाही. रमाकांतरावांनी खिशावरून हात फिरवला, खिसा तसाच फुगलेला ठेवला आणि पाटावरून उठले. त्यांनी टोपी उचलली. टोपी त्यांनी डोक्यावर ठेवली की ते टांग्यात बसणार, आणि टांगा बारामतीच्या वाटेला लागला की पुढची पाळी येईतो वांग्यांची काटकी व्हायची, हे छबूबाईला इतकं स्वच्छ दिसलं, की तिला कढईतली भाकरी करपल्याचा वास उशिरा आला.

तिनं कढई उतरवली. पदर डोक्यावरून पुढं ओढला. आजवर ती परक्या पुरुषापुढं वाढण्यापलीकडं बोलली नव्हती.

"छबू," आबाजी म्हणाला. "भाकरी बघ."

"बगितली," ती म्हणाली. मग साहेबांच्या टोपीकडं बघत, कारण त्यांच्या तोंडाकडं बघणं तिला जमेना, ती मोठ्यानं बोलली.

"सायेब, वाटीनं दाबायचं म्या आज हितंच काडलं. त्ये अमेरिकंत न्हाय. आन हे बसऱ्याच्या म्होरं कदी गेलं न्हायती. फाटकात सुसर बी न्हवती. म्हसोबाची बाभळ पडली व्हती, आन दांड्यात पाळणा अडाकला व्हता. तांबडा. येका बाजूची खुटी मोडल्याला. तुमच्या खिशात हाय त्यो माझा हाय."