बर्फाखालचा आवाज

नीलिमा आणि चंद्रशेखर जर्मनीत हायडेलबर्गच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. आठ वर्षांत दोघांना डोंगरांचं वेड लागलं होतं. स्कीच्या तळाला पट्टे चिकटवून बर्फातून चढायचं आणि वरून घसरत यायचं, हे ते गिर्यारोहण क्लबमध्ये रीतसर शिकले होते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते आल्प्समधल्या आल्गॉय भागात होते. सकाळच्या इशाऱ्यात हिमस्खलनाचा धोका पाचापैकी तीन होता. जुना थर साखरेसारखा सुटा झाला होता आणि वाऱ्याने त्यावर नवा बर्फ आणून दाबला होता. झाडी संपून ते मोकळ्यावर आले, तेवढ्यात पायाखाली ‘धप्प’ असा खोल आवाज झाला आणि बर्फ बोटभर खचला. आतला थर कोसळल्याची ती खूण. समोर तर खडा उतार होता. वाद न घालता दोघं मागे फिरली.

झाडीत एक म्हातारा जर्मन भेटला. एकटाच होता, त्यांनीच पाडलेल्या वाटेने वर येत होता. नीलिमा थांबली. चंद्रशेखर मराठीत हळूच म्हणाला, “चल. त्याचा जन्म इथे गेलाय, आपण काय शिकवणार त्याला?”

तीही कचरली. तिकडच्या रीतीने नुसतं “सेर्वुस” असा नमस्कार करून बाजूला झाली. म्हाताऱ्याने हसून आभार मानले आणि तो पुढे गेला.

खाली पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीशिवाय एकच गाडी होती, म्हाताऱ्याची. चंद्रशेखर निघू या म्हणत होता, पण तिचा पाय निघेना. दीड तासाने ती रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेली. तिथून तो खडा उतार दिसायचा. उतारावर आडवी ताजी भेग पडली होती आणि खाली ढिगारा साचला होता. तिने तिथूनच ११२ ला फोन केला. हेलिकॉप्टर वीस मिनिटांत आलं. बचाव पथकाच्या कुत्र्याने म्हातारा शोधून काढला, मीटरभर खाली. तो गेलेला होता.

पोलिसांना तिने वेळ सांगितली, जागा सांगितली. आवाजाबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. पुढचे दहा दिवस ती ऑफिसात स्क्रीनकडे नुसती बघत बसायची. घरी दोघं त्या विषयाला शिवत नव्हती.

मग म्हाताऱ्याच्या मुलीचा फोन आला. पोलिसांनी नीलिमाला विचारूनच नंबर दिला होता. बाबांना शेवटचं तुम्हीच पाहिलंत, ते कसे दिसत होते, एवढंच तिला हवं होतं. मजेत होते, हसले, असं नीलिमाने सांगितलं. पण तिथेच थांबणं तिला जमेना. तिने आवाजाचं सांगून टाकलं, आणि आपण गप्प राहिलो हेही.



“ते थांबले असते की नाही, मला माहीत नाही,” मुलगी म्हणाली. “पण तुम्ही सांगायला हवं होतं.”

“हो,” नीलिमा म्हणाली.

चंद्रशेखर सोफ्यावर बसून हे ऐकत होता. तो उठला, तिच्या हातातून फोन घेतला, स्वतःचं नाव सांगितलं आणि अडखळत्या जर्मनमध्ये म्हणाला, “ती सांगणार होती. मी तिला अडवलं.”