उलटं लावलेलं कार्ड

आमच्या संग्रहालयाच्या तळघरात, तीनशे बारा क्रमांकाच्या खणात, एका बुटक्या माणसाचा सांगाडा आहे. उंची त्र्याण्णव सेंटिमीटर. माझा विषय हाडांची वाढ. शिकागोला आल्यापासून चार वर्षांत मी त्याची मांडीची हाडं तीनदा मोजली होती. नोंदीप्रमाणे तो इथल्या जत्रांमध्ये तंबूत 'हिंदुस्थानचा चिमुकला महाराजा' म्हणून उभा राहायचा. १९११ साली न्यूमोनियाने वारला. दरवर्षी त्याची मापं घेणाऱ्या डॉक्टरने सांगाडा संग्रहालयाला दिला.

सोबत त्याच्या फोटोचं एक कार्ड होतं. तंबूतले कलाकार अशी कार्डं मागे सही करून विकत. या कार्डाच्या मागच्या बाजूची नोंद होती: 'पौर्वात्य नक्षी'. कार्ड कागदपत्रांच्या विभागात असायचं; मी फक्त ही नोंद वाचली होती.

संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो काढणारा अतुल मूळचा नागपूरचा. एका दुपारी तो कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"ताई, हे लोक पण ना यार! इतकी वर्षं उलटं स्कॅन करतायत. रेघ खाली, अक्षरं वर. फिरवा जरा."

मी फिरवलं. शाळेत घोटून घेतलेलं बाळबोध अक्षर.

'मी मेल्यावर डॉक्टरने माझी हाडे ठेवू नयेत. जाळावे. धोंडी, मु. पिंपळगाव.'

अतुल खुर्ची ओढून बसला. "इंग्लिशमध्ये का नाही लिहिलं यानं?"

"शेजारी मॅनेजर उभा असणार. त्याला वाचता आलं असतं."

"मग हे वाचणार कोण होतं?"

मी कॉम्प्युटरकडे वळले.

जुनी कार्डं जमवणाऱ्यांच्या वेबसाइट्सवर मला धोंडीची आणखी अकरा कार्डं सापडली. स्टुडिओने कोपऱ्यात वर्ष छापलेलं असल्यामुळे ती क्रमाने लावता आली. सुरुवातीच्या कार्डांवर पूर्ण मजकूर होता. १९०८ पासून गावाचं नाव नाही. शेवटच्या दोनांवर फक्त 'जाळावे'. लोकांनी सही समजून ती घरी नेली होती.

मी संग्रहालयाच्या समितीकडे अर्ज केला: सांगाड्याचं दहन करू द्यावं. अध्यक्ष मार्गारेटने मला बोलावलं. ती नीट ऐकणारी बाई आहे.

"कोणी नातेवाईक?"

"महाराष्ट्रात पिंपळगाव नावाची कितीतरी गावं आहेत. त्याचं आडनाव कुठेच नाही."

"मृत्युपत्र?"

"हेच."

"पण पद्मिनी, हे कोणाला उद्देशून आहे?"

"ज्याच्या हातात कार्ड असेल, त्याला."

तिने ते लिहून घेतलं.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. नियमात बसत नसल्यामुळे अर्ज नामंजूर. खालच्या परिच्छेदात लिहिलं होतं की वसंतात नवं प्रदर्शन आहे, सांगाड्याशेजारी कार्ड मांडायचं ठरलं आहे, तरी भाषांतर द्यावं. फलकावर माझं नाव येईल.

"देऊ नका, ताई," अतुल म्हणाला.

"नाही दिलं तर परत नक्षी होईल."

"आणि दिलं तर?"

मी भाषांतर पाठवलं. एकही शब्द सौम्य केला नाही. माझं नाव मात्र घालू नका, असं कळवलं.

प्रदर्शनाच्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघं गर्दीत उभे राहिलो. काचेमागे धोंडी, शेजारी त्याचं कार्ड, खाली माझे शब्द. लोक वाचत होते. वाचून आवाज खाली आणत होते. एका गृहस्थाने डोक्यावरची टोपी काढली. क्षणभर तसाच उभा राहिला, मग टोपी काखेत धरून त्याने मोबाइलवर फोटो काढला, आणि मागच्यांना जागा करून दिली.

बाहेर पडायची वाट दुकानातून होती. काउंटरजवळच्या स्टँडवर धोंडीची नवी छापलेली कार्डं लावली होती. अतुलने एक काढून मागची बाजू बघितली आणि माझ्यापुढे धरली.

"बघा," तो म्हणाला. "आता सरळ छापलंय."