दसऱ्याचं तेल

बाबनरावांनी रिव्हॉल्वर मधल्या बिजागरीतून दुमडून उघडलं आणि नळी खिडकीकडे धरून एक डोळा मिटला. शस्त्रांच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. जुनी फौजी हत्यारं ओळखायला लोक त्यांनाच बोलावत. आजोबा रामाजी माघात वारल्यापासून भूपेश हे रिव्हॉल्वर दाखवायला बाबनरावांच्या मागे लागला होता.

"विलायती वेब्ली हाय, पहिल्या महायुद्धातली," बाबनराव म्हणाले. "हा बाण पाह्य, सरकारी मालाची खूण. शंभराच्या वर वय हाय."

भूपेश खूश झाला. त्याची आई, चंद्रकला, दारातच उभी राहिली. पंचेचाळीस वर्षांत ती त्या वस्तूच्या जवळ जायची ती फक्त दसऱ्याला, हळदकुंकू वाहण्यापुरती.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला सावनेरच्या शाळेत शिक्षिकेच्या नोकरीची ऑर्डर आली. तिनं ती सासऱ्यांपुढे ठेवली. रामाजींनी त्या कागदावर हे रिव्हॉल्वर ठेवलं आणि हात धुवायला गेले. शब्द नाही, शिवी नाही. नवरा, हेमराज, समोरच पेपर वाचत होते. त्यांची मान वर झाली नाही. रिव्हॉल्वरला हात लावायची तिची छाती होईना. तिनं ऑर्डर खालून हळूच ओढून घेतली आणि चुलीत घातली. मेलेल्याचं वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी तरी कोणाची बिशाद होती?

"पण याच्यातून गोळी सुटत नाही," बाबनराव म्हणाले. "घोड्याले म्होरं टोच असते, ती गोळीवर आदळते. इथं कानशीनं पार घासून टाकली."

"कधी?" चंद्रकलानं विचारलं.

"लई जुनं काम हाय. फौजेनं विकतानाच निकामी केलं असन."

"घरात कोणाले माहीत असन?"

"तेल घालणाऱ्याले तर माहीत असतेच. दर वेळी घोडा हाताखालून जाते ना. बाकी निगा मस्त ठेवली. कोण करे साफसफाई?"

"आमचे बाबा," भूपेश वडलांकडे बोट दाखवत कौतुकानं म्हणाला. "दर दसऱ्याले. लग्नाच्या आधीपासून त्यांचंच काम."

कोपऱ्यातल्या खुर्चीत हेमराज पेपर धरून बसले होते. बराच वेळ पान उलटलं नव्हतं. सासऱ्यांवरचा राग चंद्रकलाच्या अंगवळणी पडला होता, लोणच्यासारखा मुरलेला. हा राग नवा होता, आणि तो कुठे ठेवावा हे तिला कळेना.

"तुमाले माहीत होतं," ती म्हणाली.

"बाबांचा धाक होता घरात," हेमराज पेपराआडून म्हणाले. "तो राहू द्यावा लागते. तू काहून आता जुनं उकरून राहिली वं? पाहुणे बसले हायेत."

"मी ऑर्डर चुलीत घातली तेव्हा तुमी पेपर वाचून राहिले होते."

हेमराजांनी पेपर अजून वर धरला. भूपेश एकदा आईकडे, एकदा वडलांकडे बघत राहिला.

चंद्रकलानं बाबनरावांच्या हातातून रिव्हॉल्वर घेतलं. वाटलं होतं त्याहून ते जड होतं. मग तिनं हेमराजांचा पेपर ओढला, त्यांच्यासमोरच्या टेबलावर पसरला आणि त्यावर मधोमध रिव्हॉल्वर ठेवलं.

ती हात धुवायला गेली. हेमराजांनी पेपराकडे हात नेला आणि अर्ध्यातूनच मागे घेतला.